बाबांच्या कंपासपेटीतलं पदक आणि धोबीतलावची शाळा

अनघा_ठाणे

नमस्कार मंडळी. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या रविवारी माळा आवरायला काढला तेव्हा त्यांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत शाळा सोडल्याचा दाखला आहे. सेंट झेवियर्स हायस्कूल, मुंबई. प्रवेश जून १९५४, इयत्ता पाचवी. शाळा सोडली १९६१ ला, एस.एस.सी. पास होऊन.

बाबा झेवियर्सचे हे आम्हाला माहीत होतं, पण त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. घरात फार गोंधळ झाला की "सायलेन्स!" म्हणून ओरडायचे, एवढाच काय तो शाळेचा वारसा.

माझे आजोबा गिरगावात मुगभाटात राहायचे. पोस्टात कारकून, आणि चातुर्मासात देवळात कीर्तन करायचे. शेंडी राखलेली. त्या माणसाने आपला थोरला मुलगा पाद्र्यांच्या शाळेत का घातला? घरापासून हाकेच्या अंतरावर चांगल्या मराठी शाळा होत्या. आणि बरोबर १९५४ लाच का? त्याआधी चौथीपर्यंत बाबा म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत होते, तोही दाखला ट्रंकेत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कंपासपेटीत एक पदक मिळालं. अंगठ्याच्या नखाएवढं, लंबगोल, अॅल्युमिनियमचं वाटतं. एका बाजूला पायघोळ वस्त्रातली बाई, तिच्या हातांतून किरण निघतायत, भोवती बारीक अक्षरं आणि खाली १८३०. मागच्या बाजूला एम आणि क्रॉस. खाचांमध्ये तांबूस गंज बसलाय. १८३० म्हणजे शाळेची स्थापना का? फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तर चुलतभावाने लगेच लिहिलं, "बघा, पदकं वाटून बाटवत होते." मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येईना. कुणी जुने झेवियराइट आहेत का इथे?

फणसवाडी_६९

अनघाताई, मी आहे. १९६२ ते १९६९, पाचवी ते अकरावी. तेव्हा एस.एस.सी. अकरावीला होती, दहावीची पहिली बॅच १९७५ ची. म्हणजे तुमचे बाबा शाळेतून बाहेर पडले आणि वर्षभराने मी आत शिरलो. फणसवाडी ते धोबीतलाव चालत, चिराबाजारातून. ट्राम होती (१९६४ च्या मार्चअखेर ती बंद झाली), पण ट्रामचे पैसे वाचवून क्यानीत मावा केक खायचा असे. महिन्याचे पैसे साठवले की एकदा.

आधी १८३० चं सांगतो. तो शाळेचा सन नव्हे. शाळा १८६९ ची, कॉलेजही त्याच सालचं. आमची अकरावी म्हणजे शाळेचं शंभरावं वर्ष, त्यामुळे हा सन मी झोपेतही चुकणार नाही. दोन्ही काढली जर्मन जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाने. मुंबईत त्यांचं बस्तान त्याआधी दहा-पंधरा वर्षं बसत आलं होतं. वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ चं, माझगावचं सेंट मेरीज १८६४ चं, मग आमचं. पुढे १८७२ साली बिस्मार्कने जेझुइटांना जर्मनीतूनच हाकललं. म्हणजे धोबीतलावला पोरांना भूमिती शिकवणाऱ्या फादरांना परत जायला घर राहिलं नाही. आणि पहिलं महायुद्ध आलं तेव्हा इंग्रजांनी याच लोकांना जर्मन म्हणून शत्रू ठरवलं, स्थानबद्ध केलं आणि मायदेशी धाडलं. १९२० नंतर त्यांच्या जागी स्पॅनिश आले. इतिहास संशोधक फादर हेरास त्यांतलेच, १९२२ ला आले. माझ्या वेळी शाळेत स्पॅनिश फादर, गोव्याचे फादर, मंगळूरचे फादर अशी भेळ होती. स्पॅनिश फादरांचं इंग्रजी आम्हाला कळायला दोन महिने लागायचे, आणि मग कॉलेजात गेल्यावर बाकीच्यांना आमचं कळायचं नाही.

आता शाळेत काय चालायचं. तुमच्या भावाला हे वाचून दाखवा. आठवड्यातून काही तास कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला जात आणि आम्ही उरलेले, म्हणजे हिंदू, पारशी, मुसलमान, थोडे ज्यू, एका वर्गात मॉरल सायन्सला बसत असू. मॉरल सायन्स म्हणजे खोटं बोलू नये, रस्त्यात थुंकू नये, आईला उलट बोलू नये. माझी आई म्हणाली होती, "हे शिकवायला फी घेतात?" सकाळच्या प्रार्थनेला सगळे उभे राहत, कपाळ-छातीला हात लावून क्रूस करायचा तो फक्त त्यांनी. सात वर्षांत मला कुणी तो करायला सांगितलं नाही. पण सात वर्षं रोज ऐकून 'आवर फादर' पाठ झालं ते झालंच. परवा एम.आर.आय.च्या नळीत अर्धा तास पडून होतो तेव्हा रामरक्षा अर्ध्यावर अडली आणि तेच तोंडात आलं. काय करणार!

डब्यांची भानगड मजेशीर होती. आमचे सोमवार, चतुर्थी, श्रावण. त्यांचा शुक्रवार. शुक्रवारी कॅथलिक मुलांना मटण-सॉसेज वर्ज्य, मासे आणि अंडी चालत. म्हणून शेजारी बसणाऱ्या दोस्ताच्या डब्यात त्या दिवशी हमखास बांगडा. आमच्याकडे मासे होत, पण शुक्रवारी आईचा संतोषीमातेचा नव्हे, साधा देवीचा उपास असे. त्यामुळे शुक्रवारी मी त्याचा बांगडा खाई आणि तो माझी साबुदाण्याची खिचडी. दोघांचाही उपास मोडत नसे, असा आमचा हिशोब होता.

भांडणं नव्हती असं नाही. ते आम्हाला घाटी म्हणत, आम्ही त्यांना माकापाव. हे सगळं मधल्या सुट्टीपर्यंत. क्रिकेटच्या टीममध्ये हे शब्द ऐकल्याचं आठवत नाही. गावसकर आम्हाला तीन वर्षं पुढे. १९६६ ला तो देशातला सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरला. शेवटच्या वर्षी शाळेच्या सामन्यांत त्याने नाबाद २४६ आणि २२२ काढले. मी त्याच्याशी एकदाही बोललेलो नाही हे कबूल करतो, नाहीतर या वयात माझे सगळे वर्गमित्र 'सनीबरोबर डबा खाल्ला' सांगत फिरतात. इतके डबे खाल्ले असते तर तो ओपनिंगला धावला नसता.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. डिसेंबर १९६४. मी सातवीत. ओव्हल मैदानावर युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा मोठा धार्मिक मेळावा भरला होता आणि खुद्द पोप, सहावे पॉल, मुंबईत येणार होते. २ डिसेंबरला आले, एअर इंडियाच्या विमानाने. दुसऱ्या दिवशी सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण, म्हणजे आमच्या शाळेचाच. डबा वाटून खाणारा माझा तो मित्र (जेर महालच्या मागे राहायचा, वडील बोटीवर) मला ओढून ओव्हलला घेऊन गेला. घरी न सांगता. इतकी माणसं मी गणपती विसर्जनालाच पाहिली होती. पोप दिसले म्हणजे लांबवर पांढरा ठिपका दिसला. मित्र रडायला लागला. त्याला बघून मला काय करावं ते कळेना, म्हणून मी नमस्कार केला, आपला हात जोडून. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गोवेकर बाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. घरी गेल्यावर उशीर का झाला म्हणून वडिलांनी विचारलं तेव्हा "पोपला बघायला गेलो होतो" म्हटलं. ते म्हणाले, "पोप असो नाहीतर शंकराचार्य, दिवेलागणीला घरात पाहिजेस."

मराठीचे सर आमचे धोतर-कोट-काळी टोपी. मोरोपंतांची आर्या म्हणायला लावत, आणि ती सगळ्यात शुद्ध म्हणत असे एक मंगळूरचा मुलगा, कारण त्याला काहीच कळत नसल्याने तो मात्रा चुकवायचा नाही. कुणी 'सर, मराठी कशाला' अशी कुरकुर केली की सर म्हणत, "अरे तुमचा फादर स्टीफन्स जेझुइटच की! साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठीत ओव्या लिहून गेला, आणि तुला चार ओळी जड होतात?"

तुमच्या बाबांच्या वेळी तर बाहेर संयुक्त महाराष्ट्र पेटला होता. नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार शाळेपासून चालत दहा-बारा मिनिटांवर. मुगभाटातून इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोराला वाडीतल्यांनी काय काय ऐकवलं असेल, कल्पना करतो. कदाचित म्हणूनच बोलले नसतील.

पदकाचं मला नीट सांगता येणार नाही. मलाही तसंच एक मित्राने अकरावीच्या परीक्षेआधी दिलं होतं, ते मी हरवलं. निर्मळकर बाई इथे असतात, त्या सांगतील.

निर्मळकर

हो, आहे. बाई नको म्हणू काका, तुमच्या मुलीच्या वयाची आहे मी.

अनघा, हे मिरॅक्युलस मेडल. १८३० साली पॅरिसमध्ये कॅथरिन लाबुरे नावाच्या नवशिक्या ननला मरियेचं दर्शन झालं, तेव्हा हे पदक असं असं घडव म्हणून सांगितलं गेलं अशी श्रद्धा आहे. म्हणून तो सन. भोवतीच्या अक्षरांत मरियेला 'आम्हांसाठी विनंती कर' असं म्हटलंय. मागे एमवर क्रूस, त्याखाली दोन हृदयं आणि कडेने बारा तारे असतील. भिंग घेऊन मोज.

हे शाळेचं पदक नाही आणि बाटवण्याचं तर मुळीच नाही. वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेत मेणबत्त्यांच्या शेजारी ढिगाने मिळतात. आमच्याकडे परीक्षेला, प्रवासाला, ऑपरेशनला निघालेल्या माणसाच्या हातात कुणीतरी ठेवतंच. माझ्या आजीने एस.टी.च्या कंडक्टरला दिलं होतं, त्याची बदली चंद्रपूरला झाली म्हणून. बाप्तिस्मा असा खिशात घालून होत नाही, त्याला पाणी लागतं आणि भरपूर कागदपत्रं.

काकांना एक दुरुस्ती. शुक्रवारचा तो 'उपास' नसून मांस वर्ज्य. येशूच्या मरणाचा दिवस म्हणून. पोटभर जेवायचं, फक्त मांस नाही. १९६६ ला रोमने नियम सैल केले आणि दर शुक्रवारची सक्ती हळूहळू गेली, चाळिशाचे म्हणजे ईस्टरआधीच्या लेंटचे शुक्रवार राहिले. तेव्हा तुमच्या नववी-दहावीत तो बांगडा बंद झाला असणार. आठवून बघा.

आणि सहज सांगते, 'मराठी कशाला' अशी कुरकुर वसईच्या कुठल्या मुलाने केली नसती. आमची मिस्साही मराठीत आणि भांडणंही.

फणसवाडी_६९

अगं हो! नववीत तो शुक्रवारी सॉसेज आणायला लागला आणि मी खिचडी एकट्याने खायला लागलो. मला वाटायचं माझ्यावर रुसलाय. साठ वर्षांनी कळलं की रोमचं पत्रक आलं होतं.

तारीख_पे_तारीख

१९५४ चं कोडं मी सोडवतो. हा माझा आवडता खटला आहे.

त्या काळात मुंबई राज्याचं धोरण असं होतं की मराठी-गुजराती शाळांत इंग्रजी थेट आठवीत सुरू व्हायचं. पाचवी ते सातवी शून्य. पोस्टातल्या कारकुनाला, ज्याची स्वतःची नोकरी इंग्रजीवर उभी आहे, याचा अर्थ फार लवकर समजतो. त्यामुळे मध्यमवर्गीय मराठी-गुजराती बाप कॉन्व्हेंट आणि फादरांच्या शाळांकडे धावायला लागले.

सरकारच्या ते डोळ्यांवर आलं. ६ जानेवारी १९५४ ला हुकूम निघाला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे फक्त अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाच्या नागरिकांची मुलं घ्यायची. बाकी कुणी नाही. गंमत बघा, गोव्याचे, मंगळूरचे, वसईचे कॅथलिकही बाहेर, कारण ते अँग्लो-इंडियन नव्हेत. म्हणजे हुकूम जसाच्या तसा राहिला असता तर फणसवाडी काका आणि त्यांचा बांगडेवाला मित्र, दोघेही धोबीतलावच्या फुटपाथवर.

याविरुद्ध नाशिकजवळ देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची चालक संस्था, बॉम्बे एज्युकेशन सोसायटी, कोर्टात गेली. बार्न्स कॅथलिक नव्हे, अँग्लो-इंडियन मुलांची शाळा. पण निकाल सगळ्यांना लागू. हायकोर्टात सरकार हरलं, सुप्रीम कोर्टात अपील केलं, तिथेही हरलं. सरकारचं म्हणणं होतं की हा भेदभाव धर्मावरून नाही, राष्ट्रभाषेच्या प्रगतीसाठी आहे. कोर्ट म्हणालं, हेतू काहीही असो, परिणाम काय होतो ते बघू, आणि परिणाम असा की नागरिकाला केवळ भाषेवरून अनुदानित शाळेत प्रवेश नाकारला जातोय. राज्यघटनेचं कलम २९(२) आड येतं. शिवाय तेव्हा कलम ३३७ प्रमाणे अँग्लो-इंडियन शाळांना अनुदान हवं असेल तर ४० टक्के जागा इतरांना खुल्या ठेवाव्या लागत. म्हणजे राज्यघटना म्हणते इतरांना घ्या, नाहीतर पैसे नाहीत, आणि मुंबई सरकार म्हणतं इतरांना घेऊ नका!

सुप्रीम कोर्टाचा निकाल २६ मे १९५४. शाळा उघडतात जूनमध्ये. तुमच्या बाबांचा प्रवेश जून १९५४. आजोबांनी पेपर वाचून दुसऱ्या दिवशी कोट चढवला असेल की नाही हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण पैज लावायला तयार आहे.

आणि तुमच्या चुलतभावासाठी कलम २८(३). सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. काकांचा मॉरल सायन्सचा तास आकाशातून पडलेला नाही.

शून्य_बाद_१८२

सगळे गावसकर-गावसकर करताय म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेची उपांत्य फेरी. शारदाश्रमने २ बाद ७४८ वर डाव सोडला. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४. सगळ्या जगाला हे पाठ आहे. समोर कोणती शाळा होती ते कुणी विचारत नाही. आमची होती. बहुतुलेने २७ षटकं टाकून १८२ दिल्या, बळी शून्य, आणि पुढे तो भारताकडून कसोटी खेळला. माझं टोपणनाव त्याच्या सन्मानार्थ आहे. मी तेव्हा सहावीत होतो. वर्गात कुणीतरी फळ्यावर ६६४ लिहून ठेवलं होतं, आणि गणिताच्या सरांनी ते न पुसता त्याचे अवयव पाडायला लावले.

छडीवाला_नव्हे

सगळं फार गोड चाललंय म्हणून लिहितो. मीही फादरांच्याच एका शाळेतला, दुसऱ्या शहरातला, नाव लिहीत नाही. इंग्रजी उत्तम झालं, फुटबॉल झालं, पण मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दंड होता. दहा पैसे. माझा सख्खा भाऊ त्याच शाळेत, आणि आम्ही दोघं भाऊ पटांगणावर एकमेकांशी इंग्रजीत बोलायचो. ते अजूनही चालू आहे. आई गेली तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात आम्ही इंग्रजीत बोललो. बस, एवढंच.

फणसवाडी_६९

हे वाचून थांबलो. आमच्याकडे दंड नव्हता, पण घरी आल्यावर आईशी बोलताना मला कधीकधी मराठी शब्द सापडायचा नाही, हे खरं. ती म्हणायची, "आधी चहा घे, मग सापडेल."

अनघा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस आत्याकडे पुण्याला होते. ती ८३ वर्षांची आहे, बाबांपेक्षा तीनेक वर्षांनी मोठी.

वकीलसाहेब, पैज जिंकलात. आत्याला तारीख आठवत नाही, पण शाळा उघडायला आठवडा राहिला असताना आजोबा पेपरची घडी घेऊन घरात शिरले आणि बाबांना म्हणाले, "कपडे घाल. कोर्टाने दार उघडलंय," हे तिला शब्दशः आठवतं. तिला वाटलं होतं चुलत्याच्या खोलीचा खटला जिंकला. तिला स्वतःला मात्र मराठी शाळेतच ठेवलं. ते तिने शांतपणे सांगितलं, मीही पुढे काही विचारलं नाही.

निर्मळकर, तारे मोजले, बाराच आहेत. हृदयंही दिसली. पण एक गोष्ट तुमच्यापैकी कुणी पकडली नाही: अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढतच नाही. माझ्या मुलाने लक्षात आणून दिलं, तो नववीत आहे. म्हणून पदक बरोबर नेलं होतं आणि आत्याच्या हातावर ठेवलं.

ती लगेच हसली. बाबांना ते वर्गातल्या कुणा मुलाने दिलं होतं, अकरावीच्या परीक्षेआधी. आजीने विचारलं हे कोण, तर बाबा म्हणाले "त्यांची देवी." मग आजीने ते देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी ठेवलं आणि परीक्षा संपेपर्यंत रोज सकाळी बाकीच्या देवांबरोबर तिलाही कुंकू वाहिलं. आजोबांना दिसत होतं, ते काही बोलले नाहीत. निकाल लागल्यावर आजीने ते पुसून परत बाबांच्या कंपासपेटीत टाकलं.

खाचांतलं नीट पुसलं गेलं नसावं.